तिरंगी मांजर मादीच का?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात मांजरीला पिल्लं झाली. त्यातलं एक काळं-नारिंगी-पांढरं. सासूबाई म्हणतात, "तिरंगी आहे ना, मग भाटीच." बारावीतला मुलगा म्हणतो, यामागे प्रथिन न बनवणारा आरएनए आहे. प्रथिनच बनवायचं नसेल तर पेशीला तो हवा कशाला?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, दोघंही बरोबर आहेत. क्वचित तिरंगी बोका निघतो; पण त्याच्याकडे सहसा एक एक्स गुणसूत्र जास्त असतं आणि त्याला बहुधा पिल्लं होत नाहीत.

नारिंगी रंगाचा जनुक एक्सवर असतो. बोक्याला एक्स एकच, मादीला दोन; तिरंगी मादीत एका एक्सवर नारिंगी, दुसऱ्यावर काळा. दोन्ही पूर्ण चालू राहिले तर प्रथिनं दुप्पट होतील, म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी एक एक्स बंद करते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं, तेही उंदरांच्या चट्टेरी अंगावरून! कोणता बंद होणार याचा नेम नाही, पण एकदा झाला की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत तोच बंद. म्हणून एक पट्टा नारिंगी, शेजारचा काळा. पांढऱ्याचा जनुक निराळा, तो इथे सोडून देऊ.

बंद करतो तो झिस्ट, १९९१ मध्ये सापडलेला आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेली नक्कल. माणसात त्याची लांबी सुमारे १७ हजार अक्षरं (म्हणजे रासायनिक घटक). प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए केंद्रकाबाहेर जातो. हा आतच राहतो आणि ज्या एक्सवरून निघाला त्यालाच पांघरूण घालतो. मग जनुकं गप्प करणारी प्रथिनं तिथे गोळा होतात. म्हणजे इथे आरएनए स्वतःच कामाला लागतो. मी शिकवायचो तेव्हा एमआरएनए, टीआरएनए, आरआरएनए हे प्रथिन बनवण्याच्या कामातले तीन प्रकार लिहिले की पूर्ण गुण मिळत. झिस्टला प्रश्नपत्रिकेत जागाच नव्हती.

एक्स बंद होण्याचा पक्केपणा बघा. २००१ मध्ये टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, सीसी नावाचा. मूळ मांजरीचे आणि सीसीचे जनुक तेच, पण सीसीच्या अंगावर नारिंगी केस नाही! ज्या पेशीपासून ती घडली, तिच्यातला नारिंगी रंगाचा एक्स मिटलेला होता, तो मिटलेलाच राहिला.

चिरंजीवांना मात्र सांगा, प्रथिन न बनवणारे, दोनशे अक्षरांहून लांब असे हजारो आरएनए सापडलेत म्हणून प्रत्येकाला झिस्टच्या पंक्तीत बसवू नका. मॅलॅट१ नावाचा असाच एक आरएनए पेशीत भरपूर असतो, पण तो काढून टाकलेले उंदीर प्रयोगशाळेत धडधाकट जगले.