डब्याचं दूध पचत नाही, की बाटली चुकतेय?

सात आठवड्यांच्या बाळाची आई समुपदेशनाला आली होती. “बाळाला हे दूध पचतच नाही. शी खड्यासारखी होते, सारखं रडतं. डबा बदलू का?” एक डबा तिने आधीच बदलला होता. अंगावरचं दूध पुरत नाही याची बोच वेगळीच. ती आधी मोकळेपणाने बोलली, रडलीही. मग तिला एवढंच सांगितलं, “ताई, घरी करता तशीच एक बाटली इथे करून दाखवा.”

तिने बाटलीत आधी तीन चमचे पावडर टाकली, तीही शीग लावून, आणि वर ९० च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. तिच्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप होतं. म्हणजे ९० मिली पाणी आधी, मग तीन चमचे. पावडरही जागा घेते, त्यामुळे तयार दूध सुमारे १०० मिली भरतं. पावडर आधी टाकली की त्याच रेघेपर्यंत पाणी जेमतेम ८० मिली बसतं, आणि वर चमच्याची शीग. असं दाट दूध दर वेळी पोटात गेलं की शी घट्ट होते, तहान लागते, बाळ रडतं. आपण ते भुकेचं रडणं समजून पुन्हा तेच दाट दूध देतो. उलट, डबा पुरवायला दूध पातळ केलं तर वजन वाढत नाही, आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. चमचा त्याच डब्यातला हवा. दुसऱ्या डब्याचं माप वेगळं असू शकतं. पावडर दाबायची नाही, स्वच्छ, कोरड्या सुरीच्या पाठीने शीग उतरवायची.

दुसरी गोष्ट पाण्याची. ती उकळून गार केलेलं पाणी वापरत होती. पाणी निर्जंतुक होतं, पण पावडर नसते! सीलबंद डब्यातही क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना त्यांचा धोका सर्वांत जास्त. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शनात निदान ७० अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी सांगितलं आहे. ताजं पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांखाली उतरत नाही. बऱ्याच डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, त्याने पावडर विरघळते, जंतू मरत नाहीत. इतक्या लहान बाळासाठी गरम पाण्याचाच आग्रह धरावा.

दूध कालवल्यावर झाकण घट्ट लावून बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरा. पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकं गरम होतं.

ती रात्रीच्या तीन बाटल्या झोपताना करून उशाशी ठेवायची. रात्री उठून स्वयंपाकघरात उभं राहणं किती जड जातं, हे कळतं. पण कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. त्याऐवजी चांगल्या थर्मॉसमध्ये उकळतं पाणी काठोकाठ भरा, मोजलेली पावडर कोरड्या, निर्जंतुक डब्यांत वेगवेगळी ठेवा आणि बाळ उठलं की बाटली करा. थर्मॉस पहाटेपर्यंत ७० अंश टिकवतो का, हे एकदा थर्मामीटरने तपासा. तयार दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या, उष्टं तर नक्कीच.

बाटली, बूच (निपल), रिंग सुटं करून साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासा, मग दहा मिनिटं पूर्ण बुडवून उकळा. आत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग निर्जंतुक होत नाही. बुचाच्या आतल्या कडेला दुधाचा पिवळट थर राहतो, तिथे बोट फिरवून पाहा.

तिला डबा तोच ठेवून फक्त माप आणि क्रम बदलायला सांगितलं, आणि शी मऊ झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला. ताप, मलूलपणा, दूध न ओढणं किंवा शू कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यायचं.