वाचक विचारतात : महागडा लॅपटॉप गावातून विकताना

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी पुण्यात व्हिडिओ संकलनाचे काम करते. तिने २०२२ साली १,९४,९०० रुपयांना १४ इंची मॅकबुक प्रो घेतला होता. आता कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिल्यामुळे जुना ती दिवाळीत घरी ठेवून गेली आणि तो विकण्याचे काम माझ्याकडे आले. यवतमाळचा दुकानदार पंचावन्न हजार देतो म्हणतो, तर ऑनलाइन पंच्याहत्तर हजार येतील असे मुलीचे मत आहे. जाहिरात टाकल्यावर पंधरा मिनिटांतच एका गृहस्थाचा हिंदीतून फोन आला. आपण कामठीच्या छावणीत सैन्यात असल्याचे सांगून त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, किमतीत एक रुपयाही कमी करायला सांगितले नाही, खात्यावर एक रुपया पाठवून दाखवला आणि “अब क्यूआर स्कॅन कर लीजिए, पूरा पैसा आ जाएगा” असा आग्रह धरला. तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणे तुटले. हा व्यवहार पुढे न्यावा काय? नसेल, तर लॅपटॉप सुरक्षितपणे कसा विकावा?

उत्तर : रेंजबद्दल आपण एरवी कितीही तक्रार करत असलो, तरी त्या दिवशी तिनेच आपले पैसे वाचवले असे म्हणावे लागेल. हा व्यवहार पुढे नेऊ नका. कापसाच्या गाडीत हात न घालता, ओल न पाहता, मागितला तो भाव देणारा व्यापारी आपण आजवर पाहिला नसेल. मग पाऊण लाखाची वस्तू न बघता घेणाऱ्यावर विश्वास का ठेवावा? सैन्याचे ओळखपत्र या प्रकारात पुष्कळदा दाखवले जाते, कारण गणवेशाबद्दल आपल्या मनात आदर असतो आणि बदलीवरच्या जवानाला प्रत्यक्ष येता येत नाही, हे आपल्याला लगेच पटते. आधी पाठवलेला एक रुपया खराच असतो. तो केवळ आपला विश्वास बसावा म्हणून खर्च केलेला असतो.

यातली मुख्य गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. यूपीआयमध्ये पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही आणि ओटीपीही सांगावा लागत नाही. समोरच्याने पाठवलेला क्यूआर कोड आपण स्कॅन करून पिन टाकला, तर पैसे त्याच्या खात्यात जातात. पूर्वी हेच लोक मोबाइलवर पैशांची मागणी पाठवून ती मंजूर करायला लावत. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, म्हणून आता कोडवर भर आहे. दुसरा प्रकार असा, की बँकेसारखा दिसणारा खोटा एसएमएस पाठवायचा आणि “चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत करा” म्हणून रडकुंडीला यायचे. एसएमएस आणि स्क्रीनशॉट हे पैसे आल्याचे पुरावे नव्हेत. आपले पैसे गेलेले नसल्यामुळे त्या फोन क्रमांकाची तक्रार ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत करता येईल. पैसे गेले असते, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा लागला असता.

आता विक्रीकडे वळू. जाहिरातीत गावाचे आणि घराचे वर्णन न देता फक्त तालुका लिहावा, यंत्राच्या तळाशी छापलेला सिरियल नंबर फोटोत येऊ देऊ नये आणि बिलाचा फोटो तर टाकूच नये. बॅटरीची स्थिती मात्र स्वतःहून सांगावी. या यंत्राची बॅटरी १,००० चार्जिंग चक्रांसाठी (बॅटरी एकूण शंभर टक्के वापरली गेली, की एक चक्र) बनवलेली असते, आणि व्हिडिओच्या कामात वापरलेल्या यंत्राची किती चक्रे झाली, हे जाणकार ग्राहक पहिल्यांदा विचारतो. खरा ग्राहक भाव पाडतो, प्रश्न विचारून भंडावतो आणि यंत्र हाताळून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही; अशा माणसाला कंटाळू नये.

भेट घरी ठेवू नये आणि वस्तू कुरिअरनेही पाठवू नये. आपले खाते असलेल्या दारव्ह्याच्या बँक शाखेत, कामकाजाच्या वेळेत बोलवावे (दुसरा आणि चौथा शनिवार टाळून), आणि सोबत एखादा माहीतगार माणूस न्यावा. ग्राहक नागपूर-अमरावतीहून येणार असेल, तर त्याला आदल्या दिवशीच आपले खाते त्याच्या बँकेत जोडून ठेवायला सांगावे, कारण नव्याने जोडलेल्या खात्यावर मोठी रक्कम पाठवायला काही बँका लगेच परवानगी देत नाहीत. यूपीआयने व्यक्तीला दिवसाला साधारणपणे एक लाखापर्यंत रक्कम पाठवता येते, म्हणजे आपली रक्कम त्यात बसते. पैसे आले की नाही, हे खिडकीवर पासबुक भरून पाहावे. रोख घेतल्यास नोटा तिथेच खात्यात भराव्यात. खोटी नोट निघाली तर ग्राहक समोर असतानाच कळेल. धनादेश घेऊ नये.

यंत्रातली माहिती पुसण्याचे काम मुलीशिवाय होणार नाही, कारण त्याला तिच्या अॅपल खात्याचा पासवर्ड लागतो. तिने आधी स्वतःच्या फाइली दुसरीकडे घ्याव्यात आणि नंतर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ विभागात जाऊन ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय वापरावा. त्याने माहिती तर पुसली जातेच, शिवाय खात्याचे कुलूपही निघते. ते राहिले, तर नव्या मालकाच्या हाती केवळ धातूची पाटी उरते आणि भांडण आपल्या दारात येते. पुसल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू होताना इंटरनेट मागते, म्हणून हे काम रेंज असलेल्या जागी करावे. ग्राहकाला दाखवण्यापुरते अॅपल खाते न जोडता एक साधे वापरकर्ता नाव तयार करावे आणि पैसे जमा झाल्यावर तेही त्याच्यासमोर पुसावे. हातात फक्त यंत्र आणि चार्जर द्यावा. पासवर्ड कोणालाही सांगण्याची गरज पडत नाही.

विक्रीची पावती दोन प्रतींत करावी. तीत दोघांची नावे-पत्ते, सिरियल नंबर, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, दिनांक आणि “यंत्र तपासून, आहे त्या स्थितीत घेतले” एवढे वाक्य असावे. बिल मुलीच्या नावावर आहे, म्हणून तिने विक्रीसाठी आपल्याला दिलेले सहीचे पत्र जोडावे. ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत मागावी आणि आपली द्यायची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्यावे. एवढे करून पंचावन्न आणि पंच्याहत्तर हजारांमधला फरक आपल्याला त्रासापेक्षा मोठा वाटतो काय, हे आपणच ठरवावे. दुकानदाराचा भाव अन्यायाचा नाही, तो पुढच्या सगळ्या कटकटीची किंमत त्यातून वजा करतो.

प्रश्न : मी वरुड तालुक्यातील संत्रा उत्पादक आहे. मुलाचा गेमिंग लॅपटॉप ऑनलाइन विकला, पैसे खात्यात आले. पण तीन आठवड्यांनी बँकेने खाते गोठवले. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची तक्रार आहे म्हणतात. आमचा काय दोष?

उत्तर : आपला दोष नसावा, पण ज्याने पैसे दिले, त्याने ते कोणा तिसऱ्याला फसवून मिळवलेले असू शकतात. फसलेल्याने तक्रार केली, की पैसा ज्या ज्या खात्यातून पुढे गेला, ती खाती रोखली जातात. आपल्या शाखेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि रोखलेली रक्कम लेखी घ्यावी. त्यानंतर तपास अधिकाऱ्याकडे अर्ज करून जाहिरात, संभाषण, लॅपटॉपचे बिल आणि पावती जोडावी, तसेच वादातली रक्कम सोडून उरलेले खाते मोकळे करण्याची मागणी करावी. अमरावतीच्या ग्रामीण पोलिसांच्या सायबर शाखेतही हे कागद दाखवावेत. तरीही अडले, तर वकिलामार्फत न्यायालयात जाता येते. दरम्यान “खाते दोन दिवसांत सोडवून देतो” म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत आणि ग्राहकाने फोन करून रक्कम परत मागितली, तरी पोलिसांना विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. आपल्याकडे पावती नसेल, तर त्या ग्राहकाशी झालेले संभाषण आजच दुसऱ्या मोबाइलवर उतरवून ठेवावे, कारण जाहिरात काढली की कधी कधी तेही दिसेनासे होते.