नंदुरबारच्या होळीनृत्यावर प्रकल्प करतेय, पण ग्रंथालयात ‘नृत्य’ विषयाखाली काहीच मिळत नाही. कुठे शोधू?

नृत्याचं कपाट सोडून आधी लोकसाहित्य, आदिवासी समाज आणि गॅझेटिअरची (जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांची) कपाटं बघ. ड्यूई वर्गीकरणात (पुस्तकं विषयानुसार क्रमांक देऊन लावायच्या पद्धतीत) रंगमंचीय नृत्य ७९२.८, लोकनृत्य ७९३.३ आणि लोकसाहित्य ३९८ इथे जातं, म्हणून एकाच विषयाची पुस्तकं विखुरतात. ग्रंथालयाच्या सूचीत पावरा, भिल्ल (या आदिवासी जमाती), बावा, बुध्या (होळीत नाचणारी सोंगं), भोंगऱ्या (होळीआधीचा बाजार), काठीची होळी (काठी हे गाव) अशी नावं टाक. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध मोफत आहेत. त्यांच्या संदर्भसूच्या नीट चाळ, खरा ऐवज तिथेच असतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही विचारून बघ. १८८०चा खानदेश गॅझेटिअर (मुंबई इलाखा, खंड १२) जरूर वाच, पण तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलाय. त्यातली आदिवासींची वर्णनं पारखल्याशिवाय उतरवून घेऊ नकोस.