१८७१ चं शेती खातं आठ वर्षांत का गुंडाळलं?

तुम्ही विचारलंय की इंग्रज सरकारने १८७१ मध्ये महसूल, शेती आणि व्यापार यांचं मिळून एक खातं काढलं, ते १८७९ मध्ये बंद का केलं, आणि मुळात ही तीन कामं एकत्र बांधली कशासाठी. मी एरंडोल तालुक्यातला, घरी पिढ्यान् पिढ्या कपाशी. या खात्याच्या जन्माची नाळ कापसाशीच जुळलेली आहे, म्हणून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्याच सुमारास रेल्वे खानदेशात आली. जळगावची पेठ त्या तेजीत वाढली. युद्ध संपल्यावर भाव पडले, पण मँचेस्टरच्या कापूसवाल्यांचा तगादा थांबला नाही. हिंदुस्थानातून चांगला, स्वच्छ कापूस यावा आणि त्यासाठी सरकारने वेगळं शेती खातं काढावं, अशी त्यांची मागणी होती. आमच्याकडे तर खुद्द कलेक्टर ॲशबर्नर यांनी याच काळात हिंगणघाटच्या कपाशीचं बियाणं पसरवलं. सारा वसूल करणारा आणि बियाणं वाटणारा साहेब एकच. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आयर्लंडचे, शेती जवळून पाहिलेले. त्यांच्या मनात खरोखरीचं शेती खातं होतं. लंडनहून मात्र महसुलाला पहिलं स्थान मिळालं आणि नावातही शेती दुसऱ्या जागी गेली. सचिव झाले ए. ओ. ह्यूम. जमीन महसूल, शेती, जंगलं, व्यापाराचे आकडे अशी नाना कामं त्यांच्या टेबलावर आली. १८७५ मध्ये सुरू झालेलं हवामान खातंही याच छत्राखालचं. त्याआधीच, फेब्रुवारी १८७२ मध्ये, अंदमानात मेयोंचा खून झाला आणि खात्याचा खरा पाठीराखा गेला.

बंद करताना कारण दिलं काटकसरीचं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ होऊन गेला होता, अफगाण युद्ध सुरू झालं होतं, तिजोरीवर ताण होता. महसूल आणि शेती गृह खात्याकडे गेली, व्यापार अर्थ खात्याकडे. ह्यूमना पुन्हा प्रांतात पाठवलं. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

पण पैसा हे वरवरचं कारण, असं माझं ठाम मत आहे. या खात्याला शेतकऱ्याकडून खरी माहिती मिळणंच अवघड होतं. खानदेशात १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागात लोक उठले होते, कारण साखळी घेऊन आलेला माणूस उद्या सारा वाढवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे आजोबा आम्हाला बजावायचे, ‘पीक कितलं उनं हाई साहेबले सांगानं नही.’ साहेब जाऊन पिढ्या उलटल्या तरी ही भीती घरात शिल्लक होती. ज्याला पीक सांगायचं नाही, त्याला पिकावरची कीड तरी कोण दाखवणार?

ह्यूमना शेतीची कळकळ होती, हे मात्र मनापासून सांगतो. शेण चुलीत जातं आणि शेत उपाशी राहतं, म्हणून सरपणासाठी वेगळी झाडं लावा, असा त्यांचा आग्रह होता. हे वाचताना मला आई आठवली. दिवाळीनंतर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून झाल्या की ती त्यांचे भारे परसात रचायची आणि म्हणायची, आता चार महिने गोवऱ्या कमी थापल्या तरी चालतील, शेण उकिरड्यात जाऊ दे. उकिरडा भरला की बैलगाडी शेताकडे निघायची. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ह्यूमनी लिहिलेली गोष्ट आमच्या परसात जशीच्या तशी चालू होती.

पुढचा प्रवास थोडक्यात. दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये शेतीच्या खात्याची गरज सांगितली आणि १८८१ मध्ये ते परत आलं, ‘महसूल आणि शेती’ या नावाने, महसूल पुन्हा पुढेच. १९२३ मध्ये ते शिक्षण आणि आरोग्याच्या कामात मिसळून ‘शिक्षण, आरोग्य आणि जमीन’ असं झालं. १९४५ मध्ये त्याचे तुकडे होऊन शेतीला वेगळं खातं मिळालं.

कागदावर खाती वेगळी झाली, बांधावर अजून कधी कधी एकत्र येतात. अतिवृष्टीनंतर आमच्या शेतात पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं आले होते. वडिलांनी कृषी सहायकापुढे एक बोंड धरलं. त्याने ते अंगठ्याने फोडलं, आतली गुलाबी अळी दाखवली आणि फवारणीचं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात तलाठ्याने गट नंबर विचारला. वडिलांनी बोंड खाली टाकलं आणि खिशातून सातबारा काढला.