गारठलेल्या उंदराची ‘गाठ’

उंदरांच्या पेट स्कॅनबद्दल पुण्यातल्या प्रयोगशाळांतून तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या मांजरीचा पेट स्कॅन कुठे होईल? (कोथरूड)
उत्तर : हा ‘पेट’ पाळीव प्राण्यांचा नव्हे, अंगात सोडलेल्या किरणोत्सारी खुणेतून निघणाऱ्या पॉझिट्रॉन कणांचा. मांजरीला पशुवैद्यांकडे न्या.

प्रश्न : तोच उंदीर पुन्हा स्कॅन करता येतो का? (गणेशखिंड)
उत्तर : येतो, त्यासाठीच तर हे तंत्र. वारंवार भूल देण्याआधी मात्र पशुवैद्यांना विचारा.

प्रश्न : एफडीजी दिलेल्या उंदराच्या खांद्यांमध्ये मोठा डाग दिसला. कर्करोगाची गाठ पसरली असं धरलं, पण कापल्यावर काहीच नाही. मशीन बिघडलंय का? (पाषाण)
उत्तर : मशीन ठीक आहे, उंदीर गारठला होता. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजच. जो भाग साखर ओढतो, तो उजळतो. थंडी वाजली की उंदीर खांद्यांमधली तपकिरी चरबी जाळून ऊब मिळवतो. तीच तुमची गाठ! अ‍ॅनिमल हाउसमधले २२ अंश आपल्याला सुखाचे. २०-२५ ग्रॅमच्या जिवाला ३०च्या आसपास लागतात. भूल दिली की तो आणखी गार पडतो. म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून ऊब द्या. नुसतं स्कॅनरमध्ये हीटिंग पॅड टाकून उपयोग नाही, तोवर साखर जायची तिथे गेलेली असते. आणि ‘केटामाइन-झायलाझिनच्या भुलेनं काही फरक पडत नाही, सीनियर म्हणाले’ हे बंद करा. झायलाझिननं रक्तातली साखर चढते. हुंगवून देतात ती आयसोफ्लुरेनची भूलही अगदी निर्दोष नाही. भूल, तापमान, साखर, उपासाचे तास, सगळं वहीत लिहा. नाहीतर मागच्या स्कॅनशी तुलना करू नका. उपास किती, हेही पशुवैद्यांशी बोलून ठरवा. उंदराला आपली एकादशी झेपत नाही.

प्रश्न : एफडीजी मुंबईहून मागवलं तर? (हडपसर)
उत्तर : गणित करा. एफडीजीवरची खूण म्हणजे फ्लोरिन-१८. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. उंदरापर्यंत पोचायला पावणेचार तास गेले, की जेमतेम पाव हिस्सा उरतो. तेवढ्याच डोसला चौपट द्रव लागेल, आणि एवढ्याशा उंदराच्या शेपटीच्या शिरेत ०.२ मिलिलिटरच्या वर जाऊ नये. बोरघाटातली रांग हिशेबात धरून रेडिएशन सेफ्टी ऑफिसरांशी वेळ ठरवा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, आमचा स्कॅनर एक मिलिमीटरपर्यंत दाखवतो. (बाणेर)
उत्तर : मधोमध ठेवलेल्या बिंदूएवढ्या स्रोताचा दाखवत असेल; कडेला धूसरच. गॅलियम-६८ या दुसऱ्या किरणोत्सारी खुणेचा पॉझिट्रॉन तर विझण्याआधी फ्लोरिनपेक्षा लांब भटकतो. ब्रोशर परत करा, नेमा एनयू-४ या लहान प्राण्यांच्या पेट स्कॅनरसाठीच्या प्रमाणित चाचणीचा अहवाल मागा आणि तो भौतिकतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : वेळ कमी आहे. प्राणी नीतिसमितीचा अर्ज प्रयोगानंतर केला तर? (पाषाण)
उत्तर : नाही.