फ्यूज उडाला की आधी कारण शोध

जुन्या वाड्यातल्या त्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजला घाबरू नकोस. फक्त आधी मेन स्विच बंद कर, मगच फ्यूज ओढ. आत काजळी धरली असेल तर बहुतेक शॉर्ट. तार नुसती मधोमध वितळली असेल तर लोड जास्त. 1000 वॅटची इस्त्री आणि 1500 वॅटची किटली एकाच लाइनवर म्हणजे जवळजवळ 11 अँपिअर, 5 अँपिअरची तार टिकणार कशी? नवी तार जुन्या तारेएवढ्याच अँपिअरची घाल. वायर सोलून तांब्याची जाड तार पिळून घालायचा उद्योग मीही केलाय: फ्यूज शाबूत, भिंतीतली वायर जळाली! परत उडाला तर सरळ वायरमन बोलाव. मीटरच्या आधीच्या, सील असलेल्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही.