लॉनचं कापलेलं गवत गाईम्हशींच्या चाऱ्यासाठी साठवून ठेवता येतं का?

येतं, पण पोत्यात कोंबून तोंड बांधून ठेवलं तर नाही. तुम्ही लिहिलंय की लॉन कापल्यावर गवत पोत्यात भरलं, दुसऱ्या दिवशी पोतं हाताला गरम लागलं आणि वास सुटला, तर आता ते गाईला घालू का. ते पोतं घालू नका, सरळ खताच्या खड्ड्यात टाका. पुढच्या वेळी काय करायचं ते सांगतो, आमच्याकडे जनावरं आहेत आणि लॉनचं गवत आम्ही अधूनमधून साठवतो.

आधी ते गरम का झालं ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. लॉनचं गवत म्हणजे नुसता कोवळा पाला, त्यात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि मशीनने बारीक केल्यामुळे ते दाबून बसतं. कापलं म्हणून गवत लगेच मरत नाही, त्याचा श्वास चालूच राहतो, वर त्याच्यावरचे बॅक्टेरिया आणि बुरशी कामाला लागतात, सगळे मिळून गवतातली साखर खातात आणि उष्णता सोडतात, आणि ढीग असला की ती बाहेर पडायला जागाच नाही. त्यामुळे काही तासांतच आतून वाफ यायला लागते. म्हणजे जनावराच्या पोटात जायची ताकद ढिगातच जळून जाते. पोत्यात पाणीही भरपूर आणि हवाही अर्धवट, याच्यापेक्षा वाईट जोडी नाही. एकतर पाणी काढायचं, नाहीतर हवा काढायची, मधलं काही चालत नाही.

पाणी काढायचं म्हणजे वाळवायचं. कापल्या कापल्या ताडपत्रीवर किंवा फरशीवर पातळ पसरायचं आणि दिवसातून दोन-तीनदा हलवायचं, जाड थर दिला की वरून कुरकुरीत आणि खाली बुळबुळीत. वाळलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, वजन करा. १०० किलो ताज्या गवतात ८० टक्के पाणी धरलं तर खरा चारा २० किलोच, आणि साठवायला पाणी १५ टक्क्यांवर यायला हवं, म्हणजे त्या १०० किलोचे २३-२४ किलो उरले पाहिजेत. ४० किलो असतानाच भरून ठेवलं तर बुरशी धरणारच. मोठी गंज लावली असेल तर ओलसर गवत आतून इतकं तापतं की आगसुद्धा लागते, ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. आणखी एक अडचण म्हणजे लॉनचा वाळलेला पाला हाताळताना चुरा होतो, अर्धा वाऱ्यावर जातो, अर्धा गव्हाणीच्या तळाशी राहतो.

म्हणून मला विचाराल तर या गवताचा मुरघास बरा, म्हणजे हवा काढून, घट्ट दाबून आंबवलेला चारा. ते आधीच बारीक कापलेलं असतं, कुट्टी करायला नको, दाबायला सोपं. फक्त ताजं ताजं भरायचं नाही, तिथेच सगळ्यांचं बिघडतं. कोवळ्या गवतात प्रोटीन जास्त आणि साखर कमी, त्यात पाणी जास्त असलं की हवं ते आंबट आम्ल पुरेसं तयार होत नाही आणि भलतेच बॅक्टेरिया माजतात, मग कुजका, नाकात बसणारा वास येतो. आधी काही तास उन्हात सुकवा, १०० किलोचे ५५-६० किलो झाले की पाणी ६५ टक्क्यांच्या आसपास आलं समजा. काटा नसेल तर मूठभर गवत जोरात दाबा: बोटांतून पाणी गळलं तर अजून ओलं आहे, हात नुसता दमट झाला आणि गोळा हळूहळू सुटला तर भरा. वर १०० किलोला २-३ किलो मळी (साखर कारखान्यातला काळा गोड पाक) अगदी थोड्या पाण्यात कालवून शिंपडली तर बॅक्टेरियांना साखर मिळते, काम पक्कं होतं.

भरायला घट्ट झाकणाचा प्लास्टिक ड्रम घ्या (आधी केमिकल ठेवलेला नको), वीतभर थर टाकायचा, पायाने तुडवायचा, मग पुढचा थर, काठोकाठ भरून झाकण लावायचं. जाड बॅगही चालते पण उंदरांनी भोक पाडलं की सगळं वाया. महिना-दीड महिना अजिबात उघडून बघायचं नाही. चांगला झालेला मुरघास पिवळट हिरवा असतो आणि वास आंबटसर येतो. गडद तपकिरी आणि करपट गोडसर वास आला तर तो आत तापलेला आहे, गंमत म्हणजे असा चारा जनावर आवडीने खातं पण त्यातलं प्रोटीन अंगी लागत नाही. बुरशी दिसली तर नुसती वरची काढून खालचा घालायचा मोह टाळा, विशेषतः गाभण जनावराला.

हे सगळं करण्याआधी एक चौकशी मात्र करायचीच: लॉनवर काय मारलंय? तणनाशकं आणि कीटकनाशकं लॉनसाठी बनवलेली असतात तेव्हा चाऱ्याचा विचार केलेला नसतो, बऱ्याच लेबलवर कापलेलं गवत जनावरांना घालू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं तर गवतातून गाईच्या पोटात आणि तिथून शेणात तशीच उतरतात, मग ते शेणखत टोमॅटोला घातलं की पानं वाकडी होतात. युरिया नुकताच टाकलेला असेल तर तेही गवत नको. माहिती मिळत नसेल तर मी ते गवत घेत नाही, फुकट असलं तरी.

दुसरं म्हणजे माळी लोक लॉनचं गवत आणि कुंपणाची छाटणी एकाच ढिगात टाकतात. त्यात कण्हेर असेल तर थोडी पानंसुद्धा गाय मारायला पुरेशी असतात, आणि वाळली तरी विष जात नाही. घाणेरीही तशीच वाईट. तार, खिळे, प्लास्टिक बघा, गाय चाऱ्याबरोबर गिळून टाकते. कुत्री फिरतात ते लॉनही मी टाळतो, कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी येतो आणि त्याने गाई गाभडतात.

घालताना हा मुख्य चारा समजू नका. तुकडे इतके बारीक असतात की रवंथ कमी होतो, लाळ कमी सुटते, पोटात आम्ल वाढतं, दुधाचं फॅट उतरतं. सोबत कडबा, पेंढा असं काहीतरी लांब, राठ हवंच. सुरुवात थोड्याने करा, आठवड्याभरात वाढवत न्या, तरीही एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या वर मी जात नाही. शेजारी कुणाचा घोडा असेल तर त्याला ढीग टाकू नका, घोड्याला यातून जीवघेणी पोटदुखी होऊ शकते.

आणि हिशोब करून बघा: ४०० किलोच्या गाईला दिवसाला १०-१२ किलो कोरडा चारा लागतो, ताज्या लॉनमध्ये मोजलं तर ५०-६० किलो. घरापुढचं छोटं लॉन असेल तर ड्रम, मळी या भानगडीत पडूच नका, कापल्यावर दोन-तीन तासांत कडब्यात मिसळून घालून टाका. उरलं तर पातळ पसरून वाळवा, ढीग करून संध्याकाळपर्यंत ठेवू नका.